३११ बळी आणि सहा डाव

४, ७७, ४८, ६, ० आणि ६. सुधीर नाईक यांची कसोटी कारकीर्द या सहा डावांत संपते. तीन सामने, बेरीज १४१, सरासरी २३.५०. त्यांनी घडवलेल्या झहीर खानच्या नावावर ९२ कसोटी सामने, १८,७८५ चेंडू आणि ३११ बळी आहेत. एक सलामीचा फलंदाज, दुसरा डावखुरा वेगवान गोलंदाज. एक मुंबईच्या मैदानांवर वाढलेला, दुसरा श्रीरामपूरचा. झहीरबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण या दोन ओळी एकमेकींना लावून वाचल्या की काही गोष्टी जास्त नीट कळतात. आधी शिष्याच्या आकड्यांकडे पाहू, कारण त्यांच्याबद्दल एक गैरसमज आहे.

गैरसमज सरासरीचा. झहीरला एक कसोटी बळी ३२.९४ धावांना पडला. कपिल देवने १३१ कसोटींत ४३४ बळी घेतले, सरासरी २९.६४. जवागल श्रीनाथचे ६७ कसोटींत २३६ बळी, सरासरी ३०.४९. या एकाच रकान्यावरून क्रम लावला तर झहीर तिघांत तिसरा येतो, आणि अनेक जण तेवढ्यावरच वही मिटतात. मला तो हिशेब अर्धवट वाटतो. सरासरी म्हणजे दिलेल्या धावा भागिले बळी. त्या धावा कुठे दिल्या आणि ते बळी कुठल्या मातीवर मिळाले, याची दखल ती घेत नाही.

३११ बळींची फोड करून पाहा. मायदेशात ३८ कसोटी, १०४ बळी, सरासरी ३५.८७. परदेशात ५४ कसोटी, २०७ बळी, सरासरी ३१.४७. म्हणजे तीनपैकी दोन बळी देशाबाहेरचे. घरी दर कसोटीला पावणेतीनच्या आसपास बळी, बाहेर पावणेचारपेक्षा थोडे जास्त. याच काळात त्याच संघात खेळलेल्या अनिल कुंबळेची फोड शेजारी ठेवली की चित्र पुरते उलटे दिसते. कुंबळेचे मायदेशात ३५० बळी २४.८८ च्या सरासरीने, परदेशात २६९ बळी ३५.८५ च्या सरासरीने. कुंबळे घरचा धनी होता, आणि झहीर परगावी कामाला येणारा माणूस. बाहेरच्या २०७ बळींत बांगलादेशातलेही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ते वजा केले तरी तोल फिरत नाही.

असे का व्हावे? भारतात नवा चेंडू लवकरच मऊ पडू लागतो, खेळपट्टीत उसळी कमी असते, आणि कर्णधाराच्या हाताशी कुंबळे आणि हरभजनसारखे फिरकीपटू असले की वेगवान गोलंदाजाला सकाळी चार-पाच षटके मिळतात. पुढे चेंडू खरखरीत होऊन उलटा वळू लागला की पुन्हा बोलावणे येते. मधल्या वेळात फाइन लेगला उभे राहायचे. न्यूझीलंड, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात मात्र तोच माणूस आघाडीला असतो, दिवसाची वीस-बावीस षटके टाकतो आणि टाकलेल्या षटकांचे मोल त्याला मिळते. घरच्या ३८ कसोटींत झहीरने केलेले बरेचसे काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले. नव्या चेंडूवर सलामीवीर काढून दिला की मधल्या फळीवर फिरकीपटू चढून बसतात. धावफलकात त्याची वेगळी नोंद नसते.

डावात पाच बळी घेण्याचा पराक्रम त्याने ११ वेळा केला. त्यातले तीन भारतातले: बंगळूर २००८, मुंबई २००९, मोहाली २०१०. उरलेल्या आठांपैकी दोन मीरपूरचे, एक ब्रिस्बेनचे, एक नॉटिंगहॅमचे आणि चार न्यूझीलंडमधले. त्या चारांतले तीन वेलिंग्टनच्या एकाच मैदानावर, २००२, २००९ आणि २०१४ साली. बेसिन रिझर्व्हवर वारा एका टोकाकडून सतत वाहतो. तिथे चेंडू टाकणे म्हणजे वाऱ्याशी बोलणी करणे. तीन वेगवेगळ्या वयांत, तीन वेगवेगळ्या वेगांनी त्याने ती यशस्वी केली.

याच अकरांची वर्षांनुसार वाटणीही पाहण्यासारखी आहे. पण त्याआधी श्रीरामपूरला जायला हवे.

दौंड-मनमाड मार्गावर श्रीरामपूरला उतरायचे तर फलकावर ‘बेलापूर’ लिहिलेले दिसते, गावाचे नाव नाही. आजूबाजूला ऊस आणि साखर कारखाने. झहीरचा जन्म इथला, ७ ऑक्टोबर १९७८ चा. प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झाले. पुढे प्रवरानगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याने प्रवेशही घेतला होता. यंत्र अभियांत्रिकीची पदवी म्हणजे त्या भागातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घराला पटणारा मार्ग, आणि तो पटावा यात चूक काहीच नव्हते. नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या ठिकाणाहूनही नव्हे, तालुक्याच्या गावाहून आलेला मुलगा भारताकडून वेगवान गोलंदाजी करील, असे कोणत्या आकड्यावरून कुणी म्हटले असते? तसा एकही आकडा उपलब्ध नव्हता. झहीर मुंबईत नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. तिथे नाईकांनी त्याला पाहिले आणि शिक्षण बाजूला ठेवून क्रिकेटच कर, असा सल्ला दिला.

एका प्रशिक्षकाने घेतलेला हा धोका किती मोठा होता, हे आज जाणवत नाही, कारण शेवट आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या मुलाला पदवी सोड म्हणून सांगायचे, तेही वेगवान गोलंदाज होण्यासाठी. पाठ, गुडघा, घोटा यांपैकी एक काही बिघडले की सगळे संपले. असा सल्ला द्यायला नजर तर लागतेच, वर त्याची जबाबदारी अंगावर घ्यायची तयारीही लागते.

मग प्रश्न येतो, की एका फलंदाजाने वेगवान गोलंदाजाला शिकवले काय? नाईकांची शिदोरी पाहू. ८५ प्रथम श्रेणी सामने, ४,३७६ धावा, सरासरी ३५.२९, सात शतके, सर्वोच्च नाबाद २००. १९७०-७१ साली वाडेकर, गावसकर, सरदेसाई आणि सोलकर वेस्ट इंडिजमध्ये असताना नाईकांनी मुंबईचे नेतृत्व केले आणि अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखला. बिनीचे चार फलंदाज नसताना संघ जिंकवायचा तर मैदानातल्या कच्च्या पोरांतून सामना जिंकून देणारा कोण, हे ओळखावे लागते. पदार्पणाच्या कसोटीत, १९७४ साली एजबॅस्टनला, दुसऱ्या डावात त्यांनी ७७ धावा केल्या. तो सामना भारत एक डाव ७८ धावांनी हरला. आणि त्या सहा डावांमधले शून्य? ते कलकत्त्याचे. १९७४-७५ च्या वेस्ट इंडिज मालिकेत, सामन्याच्या अगदी पहिल्याच चेंडूवर, अँडी रॉबर्ट्सच्या गोलंदाजीवर यष्टीमागे झेल. नव्या चेंडूसमोर सलामीवीराच्या मनात काय चालते, हे सलामीवीरालाच कळते. कुठला चेंडू खेळावासा वाटतो, कुठला सोडताना पोटात गोळा येतो, पाय कुठे अडकतो. गोलंदाजाला हे ज्ञान समोरून मिळाले तर ते मनगटाच्या ठेवणीइतकेच मोलाचे असते.

दुसरी गोष्ट षटकांची. वेगवान गोलंदाज जाळ्यात घडत नाही, सामन्यात घडतो, आणि सामने देण्याची ताकद मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये आहे. १९४८ पासून चाललेली कांगा लीग ऐन पावसाळ्यात होते. खेळपट्ट्या झाकत नाहीत. रात्री पाऊस, सकाळी ऊन, दुपारी सामना. आझाद मैदानावर किंवा क्रॉस मैदानावर अशा दिवशी उभे राहून पाहावे. रन-अपवर भुसा टाकलेला असतो, एका टप्प्यावरून एक चेंडू गुडघ्याला लागतो आणि दुसरा छातीशी येतो. बाहेर एका मैदानाची सीमारेषा दुसऱ्याच्या स्लिपमधून जाते. इथे जोरात टाकून भागत नाही. नेमका टप्पा धरला तर खेळपट्टी उरलेले काम करते, टप्पा चुकला तर चिखलातूनही चौकार जातो. गावाकडून आलेल्या डावखुऱ्याला नाईकांच्या क्लबाने हे दिले: शनिवार-रविवार हातात चेंडू, समोर चांगले फलंदाज, आणि आपल्या जागेची खात्री.

तिथून पुढचा प्रवास झपाट्याचा. चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर आणि डेनिस लिली यांच्या हाताखाली त्याची शैली पक्की झाली. मुंबईच्या संघात दाटी होती म्हणून रणजीसाठी त्याने बडोदा गाठले. २०००-०१ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याने रेल्वेला २१ धावांनी हरवले, त्यात झहीरचे ८ बळी. तोवर तो भारताकडून खेळलाही होता. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला, तो दिवस त्याच्या बाविसाव्या वाढदिवसाचा.

आता अकरांची वाटणी. २००० ते २००५ या वर्षांत पाच बळींचे डाव तीनच: वेलिंग्टन आणि हॅमिल्टन, दोन्ही डिसेंबर २००२ मधले, आणि ब्रिस्बेन २००३. ब्रिस्बेनला ९५ धावांत ५ बळी घेतल्यावर हॅमस्ट्रिंगने दगा दिला. २००७ ते २०१४ या वर्षांत आठ. सामन्यात दहा बळी एकदाच, मीरपूर २०१०, त्याच सामन्यात ८७ धावांत ७ बळी ही त्याची सर्वोत्तम कामगिरी, तीही या उत्तरार्धातली. बहुतेक वेगवान गोलंदाजांचा आलेख सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षानंतर उतरू लागतो. याचा तिथून चढला.

मधे एक मोसम आहे, २००६ चा, वूस्टरशायरचा. भारतीय संघातून बाहेर पडल्यावर तो इंग्लिश कौंटीत गेला आणि त्या मोसमात ७८ बळी घेऊन आला. एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९ बळी, ही त्याची प्रथम श्रेणीतली सर्वोत्तम नोंद. ७८ बळींपेक्षा मला तिथली षटके महत्त्वाची वाटतात. कौंटीत आठवड्याला एक चार दिवसांचा सामना आणि मधेमधे एकदिवसीय, असे महिनोन्‌महिने चालते. शरीराला परवडेल अशीच शैली तिथे टिकते. झहीरचा रन-अप आखडला, चेंडू सोडण्याआधीची ती उंच उडी कमी झाली, वेग थोडा उतरला आणि चेंडूवरचा ताबा वाढला. धावत येताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकायचा, म्हणजे चकाकी कुठल्या बाजूला आहे हे फलंदाजाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पावसाळी मैदानावरचा टप्प्याचा धडा इथे नव्याने गिरवला गेला, असे मी म्हणेन. त्याचे ७७ बिगरकसोटी प्रथम श्रेणी सामने वेगळे काढले तर ३६१ बळी उरतात, सरासरी पावणेचोवीसच्या जवळ. हा आकडा क्वचितच कुणी काढून पाहतो. २००६-०७ चा रणजी अंतिम सामना त्यातलाच एक. वानखेडेवर मुंबईकडून पहिल्यांदा खेळताना त्याने बंगालचे ९ बळी घेतले.

शिकलेले कसे वापरले ते नॉटिंगहॅमला दिसले. जुलै २००७, ट्रेंट ब्रिज. पहिल्या डावात ५९ धावांत ४ बळी, इंग्लंड १९८. भारताचा डाव चालू असताना झहीर फलंदाजीला आला तर क्रीजजवळ जेलीच्या गोळ्या पडलेल्या, क्षेत्ररक्षकांनी टाकलेल्या. तो बॅट उगारून त्यांच्याशी बोलला, साऱ्या जगाने ते पाहिले. पण पाहण्यासारखी गोष्ट त्यानंतरची होती. दुसऱ्या डावात राग चेंडूत उतरला तो वेग म्हणून नव्हे, अचूकता म्हणून. स्ट्रॉस आणि कुक या डावखुऱ्या सलामीवीरांना तो राऊंड द विकेट येऊन टाकत होता. चेंडू स्टंपांच्या दिशेने आत येतोय असे वाटायचे आणि टप्प्यावरून बाहेर सरकायचा. खेळावे तर कड, सोडावे तर यष्टी. ७५ धावांत ५ बळी, सामन्यात १३४ धावांत ९. भारत ७ गडी राखून जिंकला आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमधली मालिका, १-० ने. तीन कसोटींत झहीरचे १८ बळी.

तो नसताना काय झाले, हाही एक आकडाच आहे. लॉर्ड्स, जुलै २०११. १३.३ षटके, १८ धावा, २ बळी, दोन्ही सलामीवीर. आणि चौदाव्या षटकाच्या मध्यावर हॅमस्ट्रिंग. इंग्लंड ८ बाद ४७४, पीटरसन नाबाद २०२, मालिका ४-० ने गेली. संपूर्ण मालिकेत झहीरने टाकलेले चेंडू ८१. सगळा पराभव त्यावर ढकलणे चूक होईल, त्या दौऱ्यात फलंदाजीही ढासळली होती. पण त्या ८१ चेंडूंत जी शिस्त होती, ती पुढे कुठे दिसली नाही.

शेवटचा कसोटी डाव पुन्हा वेलिंग्टनचाच, फेब्रुवारी २०१४. वय ३५. ५१ षटके, १३ निर्धाव, १७० धावा, ५ बळी. न्यूझीलंड ५ बाद ९४ वरून ८ बाद ६८० वर पोचले. ब्रेंडन मॅक्युलम ३०२ वर बाद झाला, तो अखेर झहीरच्याच चेंडूवर, धोनीच्या हाती. एका डावात ३०६ चेंडू, तेही हॅमस्ट्रिंग दोनदा फाटलेल्या माणसाने. या एका नोंदीने सरासरी थोडी वर गेली असेल. मला त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत आदरणीय ओळ तीच वाटते.

एक हिशेब राहिला आहे, विश्वचषकाचा. २३ सामने, ४४ बळी, सरासरी २०.२२. भारताकडून विश्वचषकात ४४ बळी श्रीनाथचेही, पण त्याला ३४ सामने लागले. मोहम्मद शमीने पुढे दोघांनाही मागे टाकले. २००३ मध्ये झहीरने ११ सामन्यांत १८ बळी घेतले. त्यातला शेवटचा सामना जोहान्सबर्गचा, ऑस्ट्रेलियाविरुद्धची अंतिम लढत: ७ षटके, ६७ धावा, बळी नाही. पहिल्याच षटकात १५ धावा, वाइड आणि नो-बॉल धरून. तो सामना वगळला तर त्या स्पर्धेतली त्याची सरासरी १७ भरते. धरला तर २०.७७. चोवीस वर्षांच्या पोराच्या अंगात इतका आवेश दाटला होता की चेंडू हातात राहीना.

आठ वर्षांनी पुन्हा अंतिम सामना. २०११ च्या स्पर्धेत त्याचे २१ बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. बंगळूरला इंग्लंड ३३९ च्या पाठलागात २ बाद २८० च्या पुढे असताना त्याने स्ट्रॉस आणि बेल यांना लागोपाठच्या चेंडूंवर काढले आणि पाठोपाठ कॉलिंगवूडचा त्रिफळा उडवला. सामना ३३८-३३८ असा बरोबरीत सुटला. बोटांची पेरे चेंडूवर रोवून टाकायचा तो संथ चेंडू, नकल बॉल, त्याने या स्पर्धेसाठी घोटून ठेवला होता.

२ एप्रिलचा अंतिम सामना वानखेडेवर होता. आणि वानखेडेचे क्युरेटर होते सुधीर नाईक.

या स्पर्धेसाठी स्टेडियम जवळपास नव्याने बांधले गेले होते. ज्या बावीस यार्डांवर झहीरला नवा चेंडू घेऊन धावत यायचे होते, ती माती नाईकांनी लोळवलेली, त्यावर पाणी किती मारायचे आणि गवत किती ठेवायचे हे त्यांनी ठरवलेले. दीड दशकापूर्वी ज्याला सामने आणि षटके मिळवून दिली, त्याला आता खेळपट्टी द्यायची होती. मात्र ती त्याच्या एकट्यासाठी करून चालणार नव्हते. ती दोन्ही संघांची, आणि सलामीवीर राहिलेल्या क्युरेटरला फलंदाजाचा हक्कही पक्का ठाऊक होता.

झहीरने सुरुवातीची पाच षटके टाकली. उपुल थरंगाला चेंडू बाहेर जाताना दिसत होता, पण बॅट थांबत नव्हती. सातव्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर कड लागली आणि स्लिपमध्ये सेहवागने खाली झेप घेऊन झेल टिपला. २० चेंडूंत २ धावा. श्रीलंका १ बाद १७. जोहान्सबर्गला पहिल्या षटकात १५ गेल्या होत्या, इथे पाच षटकांत ६. पुढच्या पाच षटकांत मात्र ५४ गेल्या, जयवर्धनेने नाबाद १०३ केल्या, शेवटच्या षटकात परेराने झहीरला झोडपले. झहीरची पूर्ण नोंद १०-३-६०-२ अशी आहे. भारताने २७५ चे लक्ष्य ६ गडी राखून, १० चेंडू बाकी ठेवून गाठले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याआधी कुणी एवढा पाठलाग केला नव्हता.

नाईक ५ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वारले, वयाच्या ७८ व्या वर्षी. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ३ कसोटी आणि १४१ धावा होत्या. त्यांची आणखी एक नोंद मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे, त्या एका दिवसाच्या खेळपट्टीची: ९८.२ षटके, ५५१ धावा, १० गडी बाद. आणि त्याखाली, त्याच मातीवरची झहीरची पहिली पाच षटके: ५-३-६-१.